'स्पार्कलिंग वाइन'ला मराठीत काय म्हणावं?

पुण्यातल्या एका भाषांतरकार वाचकाने विचारलंय: हॉटेलचं मेनूकार्ड मराठीत करताना 'स्पार्कलिंग वाइन'साठी 'चमचमती वाइन' हा शब्द सुचवला गेला, तो चालेल का? त्या वाइनच्या बाटलीवर 'शार्डोने' (हे द्राक्षाचं वाण), 'ब्लां द ब्लां' आणि 'ब्रूट' असंही छापलंय, त्यांचं काय करायचं?

'चमचमती' नको. चमचमते ती टिकली किंवा जरीची किनार. या वाइनची ओळख तिच्यात मुरलेल्या वायूमुळे आहे. फ्रेंच 'मूसो', इटालियन 'स्पुमान्ते', स्पॅनिश 'एस्पुमोसो' आणि जर्मन 'शाउमवाइन' हे चारही शब्द फेसावरून आलेत. लकाकीकडे बघितलं ते इंग्रजीने. आपल्याकडे 'फेसाळ' हा शब्द आयता आहे, लाटांना आणि धारोष्ण दुधाला आपण तो सहज लावतो. म्हणून 'फेसाळ वाइन'. 'फसफसती' अर्थाने जवळचा आहे, पण तो ऐकला की सोडा आठवतो, आणि सोडा व ही वाइन यांत मूळचाच फरक आहे.

सोड्यात वायू सिलिंडरमधून भरतात. तशी वाइनही बनते, पण तिचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर विरतात. तिला 'वायू भरलेली वाइन' म्हणावं. खऱ्या फेसाळ वाइनमधला वायू यीस्टने तयार केलेला असतो. द्राक्षरस एकदा आंबवून साधी, निवळ वाइन करतात. मग तिच्यात साखर आणि यीस्ट घालून ती जाड काचेच्या बाटलीत भरतात, पत्र्याचं झाकण लावतात आणि आडवी ठेवतात. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पण त्याला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. लिटरला सुमारे 4 ग्रॅम साखर म्हणजे 10 अंश सेल्सियसला एक वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेइतका, दाब. नेहमीचं प्रमाण लिटरला 24 ग्रॅम, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत 18 ग्रॅम. त्यातून 6 वातावरणांच्या आसपास दाब येतो आणि मद्यार्क साधारण सव्वा टक्क्याने वाढतो. साखर मोजण्यात चूक झाली की बाटल्या फुटतात. उलट, मुळातल्या वाइनमध्येच मद्यार्क 11 टक्क्यांच्या वर गेला असेल किंवा वाइन टिकवायला घालतात तो सल्फर डायऑक्साइड जास्त पडला असेल, तर यीस्ट मध्येच थांबू शकतं; मग दाब अपुरा राहतो आणि साखर शिल्लक उरते.

काम संपलेलं यीस्ट तळाशी बसतं. त्याला बरेच जण 'गाळ' लिहितात. मला 'साका' जास्त पटतो. गाळ टाकून देण्याचा, आणि इथे तर याच साक्यावर वाइन मुरवायची असते. यीस्टच्या पेशी फुटत जातात आणि त्यांतून भाजलेल्या पावाचा, हेझलनटचा वास वाइनमध्ये उतरतो. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रदेशाच्या नियमाप्रमाणे साधी बाटली किमान 15 महिने तळघरात राहते, त्यातले 12 साक्यावर. एकाच सालच्या पिकाची असेल तर किमान 3 वर्षं. 'मुरवणे' हे क्रियापद मुरांब्या-लोणच्याने आपल्याला दिलेलंच आहे, 'परिपक्वन'सारखं काही घडवायची गरज नाही. नंतर बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करतात, साका तोंडाशी आला की मान उणे 25 अंशांच्या आसपासच्या थंड द्रावणात बुडवतात. झाकण काढताच गोठलेला साका दाबाने बाहेर उडतो. कमी झालेली वाइन आणि चवीपुरती साखर घालून वर बूच आणि तारेची जाळी. मुळातली वाइन आधी पुरेशी थंड करून तिच्यातले टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे काढले नसतील, तर त्याच खड्यांवर वायू उसळतो आणि झाकण काढताना अर्धी बाटली फेसात जाते.

आता 'ब्लां द ब्लां'. शब्दशः 'पांढऱ्यांची पांढरी'. पण मार्केट यार्डात पांढरी द्राक्षं कोणी मागत नाही. आपल्याकडे द्राक्षं हिरवी किंवा काळी. शॅम्पेनमध्ये पिनो न्वार आणि मनिए या काळ्या सालीच्या द्राक्षांपासूनही पांढरी वाइन करतात, कारण त्यांचा गर रंगहीन असतो आणि घड हलक्या हाताने दाबले की सालीचा रंग उतरत नाही. त्या वाइनहून वेगळेपण दाखवायला हा शब्दप्रयोग आला. म्हणून 'हिरव्या द्राक्षांची' एवढं लिहिलं की मराठी वाचकाला नेमका अर्थ पोचतो. शॅम्पेनमध्ये अशी वाइन बहुतेक वेळा शार्डोनेचीच असते, इतरत्र दुसऱ्या वाणाचीही असू शकते. तेव्हा 'ब्लां द ब्लां' म्हणजे शार्डोने असं समीकरण मांडू नका. आपल्या नाशिक भागात फेसाळ वाइनसाठी शेनिन ब्लां हे वाणही वापरतात.

शार्डोने फेसाळ वाइनला इतकं मानवतं ते आम्लतेमुळे. शॅम्पेनमधल्या एपर्ने गावाच्या दक्षिणेला कोत दे ब्लां नावाची टेकड्यांची रांग आहे, तिथल्या खडूच्या जमिनीत ते प्रामुख्याने लावतात. कोवळ्या वाइनला लिंबू, हिरवं सफरचंद, पांढऱ्या फुलांचा वास येतो आणि मुरायला ती भरपूर वेळ घेते. द्राक्षं 17 ते 19 ब्रिक्सवरच (ब्रिक्स हे रसातली साखर मोजायचं एकक) तोडावी लागतात. आपल्या उन्हात साखर भराभर चढते आणि आम्लता तितक्याच वेगाने उतरते, म्हणून इथे फेसाळ वाइनची तोड सगळ्यांत आधी, आणि शक्यतो उजाडायच्या आत. अख्खे घड दाबतात. शॅम्पेनमध्ये 4000 किलोंतून पहिला उत्तम रस फक्त 2050 लिटर घेतात. जास्त पिळलं की सालीचा तुरटपणा उतरतो, आणि वायू तो जिभेवर आणखी टोचवतो.

पेल्यात ओतल्यावर फेस वर चढतो, काही सेकंदांत बसतो, आणि काचेला लागून बारीक फेसाची कड उरते. मधून बुडबुड्यांच्या सरी चढत राहतात. पेल्यावर साबणाचा अंश राहिला असेल तर कड धरत नाही. चांगल्या वाइनला विनाकारण नावं ठेवली जातात ती बऱ्याचदा यामुळेच.

'शॅम्पेन' हा शब्द सरसकट वापरू नये. तो फ्रान्समधल्या त्या प्रदेशाच्या वाइनपुरताच. 1980च्या दशकात आपल्या नारायणगावात फ्रेंच तंत्रसाहाय्याने बनू लागली ती फेसाळ वाइन, शॅम्पेन नव्हे.

'ब्रूट'ला 'कोरडी' म्हणतात, तेही इंग्रजीमागून. मराठी माणूस कोरडी म्हणतो चटणीला नाहीतर भाकरीला. कमी साखरेच्या चहाला आपण 'अगोड' म्हणतो, तोच शब्द इथे नेमका बसतो. ब्रूट म्हणजे लिटरला 12 ग्रॅमहून कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' मात्र 'अतिकोरडी' केलीत तर ग्राहक फसेल, कारण तिच्यात 12 ते 17 ग्रॅम, म्हणजे ब्रूटहून जास्त साखर असते. तिला 'किंचित गोड' लिहा. 32 ते 50 ग्रॅमची 'डेमी-सेक' म्हणजे सरळ 'गोड'. श्रीखंड किंवा बासुंदीशेजारी मेनूत हीच ठेवा. गोडावर अगोड वाइन नुसती आंबट लागते.