एकच चाक फिरतं, ट्रॉली जागची हलत नाही

प्रश्न : सांवेरकडे शेत आहे. पावसाळा संपताना सोयाबीनची ट्रॉली पिकअपला जोडून काढतो, तेव्हा मागचं डावं चाक नुसतं फिरत राहतं, उजवं हलतही नाही. मिस्त्री म्हणतो, डिफरन्शियलमधले स्टार गिअर वेल्ड करून टाकू. करावं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : वेल्डिंग अजिबात करू नका. डिफरन्शियल म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा एक्सलमधला गिअरसंच, स्टार गिअर त्यातलेच. ते वेल्ड केले की दोन्ही चाकं कायमची एकाच वेगाने फिरतील. डांबरी रस्त्यावर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. ते जमलं नाही की टायर घासतात, गाडी सरळच जायला बघते, आणि भरल्या ओझ्याखाली कधीतरी एक्सल तुटतो.

गाडीत बिघाड काही नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, आणि तो किती, हे कमी पकडीचं चाक ठरवतं. समजा डावं चाक ३०० न्यूटन-मीटरला घसरतं, तर उजव्यालाही ३००च मिळणार, ते १,५०० पेलू शकत असलं तरी. बेरीज ६००. दोन्ही चाकं एकत्र बांधली, म्हणजे डिफरन्शियल लॉक केलं, की ३०० आणि १,५०० मिळून १,८००.

पण खर्चाआधी भार बघा. ट्रॉली एका एक्सलची असेल तर तिच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. २,००० किलोला २०० ते ३०० किलो, अर्थात हुक आणि गाडीची मर्यादा सांभाळून. पोती मागे रचली की हुक वर उचलला जातो आणि पिकअपची मागची चाकं हलकी होतात. चिखलात फसण्याचं हे कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे माळव्याची काळी माती. ती टायरच्या खाचांत गच्च बसली की नवा टायरही गुळगुळीत होतो, म्हणून चढण्याआधी खाचा मोकळ्या करा.

चाक फिरू लागलं तर रेस देऊ नका, खड्डाच होतो. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत असेल तर दोन-तीन खटके ओढून हळू क्लच सोडा. ब्रेकचा विरोध फिरत्या चाकाला मिळतो, तितका जादा टॉर्क दुसऱ्याकडेही जातो, पण ब्रेक त्या चाकालाही धरतो, म्हणून फार भरवसा ठेवू नका. काही मीटरच हे चालतं, नंतर ब्रेकचे लायनर तापतात.

कायमचा उपाय हवा असेल तर चिखलासाठी आम्ही स्विचचा लॉकर, म्हणजे हवं तेव्हाच डिफरन्शियल लॉक करणारी जोडणी, सुचवू. क्लच प्लेटांचा एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, चाकाचं घसरणं मर्यादित ठेवणारं) रस्त्यावर सौम्य असतो, पण प्लेटा झिजतात आणि त्याला फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण नरम करणारं रसायन) असलेलंच तेल लागतं. नाहीतर वळणावर मागून खडखड येते. एलएसडीचाच हेलिकल (तिरप्या दातांच्या) गिअरचा प्रकार घसरत्या चाकाच्या टॉर्कला ठरावीक पटीने गुणतो. चाक हवेत लटकलं की शून्याला काहीही गुणा, शून्यच. विकत घेण्याआधी एक्सलचे स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या खाचा, मोजून घ्या.

आडव्या उतारावर मात्र लॉक काढा. तिथे दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग खाली सरकतो, ट्रॉलीसकट. साध्या डिफरन्शियलमध्ये निदान एक चाक जमीन धरून असतं.

प्रश्न : दहा टायरी टिप्परला दोन लॉक आहेत. आधी कुठलं लावायचं?
– एक वाचक, देवास नाका, इंदूर

उत्तर : आधी दोन एक्सलमधलं, म्हणजे इंटर-अ‍ॅक्सल लॉक. तेवढ्याने भागलं नाही तरच चाकांचं, म्हणजे एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं. दोन्ही लॉक गाडी थांबवून, चिखलात शिरण्याआधी लावा. फिरत्या चाकावर लावलं तर डॉग क्लचचे, म्हणजे लॉक जोडणाऱ्या दातेरी जोडाचे, दात मोडतात. स्विच दाबून गाडी थोडी पुढे घेतली की दात बसतात आणि दिवा लागतो. चाकांचं लॉक लावून तीव्र वळण घेऊ नका. कडक जमिनीवर आल्यावर काढा. स्विच बंद करूनही दिवा विझला नाही तर दातांवर ताण अडकला आहे. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सुटेल.