चर्चमध्ये कोणाला कोणती सेवा द्यावी, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातली मध्यम आकाराची मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, उत्साही माणसं पुष्कळ, पण काम ओढतात तीच चार-पाच जणं. बाकीच्यांना त्यांच्या गुणांप्रमाणे सेवा कशी द्यायची, आणि त्यासाठी इंटरनेटवरची कृपादानांची, म्हणजे देवाने ज्याला-त्याला दिलेल्या गुणांची, चाचणी सगळ्यांकडून भरून घ्यावी का?

मी मूळचा नवापूर तालुक्यातला, रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळचा झालो. दोन्हीकडच्या मंडळ्यांत सेक्रेटरीचं काम केलंय, त्या भरवशावर लिहितो.

चाचणीचं आधी सांगतो, कारण तुमचा रोख तिकडेच दिसतोय. घ्या हवी तर, पण तिच्यावर विसंबू नका. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चची ‘शेप’ पद्धत विचार म्हणून चांगली आहे. कृपादान, मनाची ओढ, कौशल्य, स्वभाव आणि अनुभव अशा पाच बाजूंनी माणसाकडे पाहायचं. गॅलपची चाचणी 34 गुण सांगते, पण ती मुळात नोकरी-धंद्याच्या जगातली. दोन्हींत माणूस स्वतःबद्दल स्वतःच सांगतो आणि आपल्याकडे घोडं तिथेच पेंड खातं. ‘मला लोकांसमोर बोलायला आवडतं’ यापुढे खूण करणं आपल्या माणसाला मिरवल्यासारखं वाटतं. ज्याला खरंच बोलता येतं तो ‘नाही’ लिहितो, आणि ज्याच्या हातून माईक सुटत नाही तो सगळीकडे ‘होय’ लिहून मोकळा होतो. शिवाय ज्या म्हाताऱ्या आज्यांच्या प्रार्थनेवर निम्मी मंडळी उभी आहे, त्यांतल्या कित्येकींना तो फॉर्म वाचताच येत नाही. त्यांच्याकडे काही दान नाही असं म्हणायचं का?

खरी अडचण मला वेगळीच दिसते. आपण सेवा वाटताना माणसाचा पगार कुठून येतो ते पाहतो. शिक्षिका आहे, द्या संडे स्कूल. बँकेत आहे, करा खजिनदार. मोठ्या हुद्द्यावर आहे, बसवा पंचांत, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळात. आणि बायकांना न विचारताच स्वयंपाक.

आमच्या मंडळीत जिल्हा परिषद शाळेतल्या एक मॅडम होत्या. सोमवार ते शनिवार मुलं, आणि रविवारी पुन्हा मुलंच. नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण वर्गात जीव नसायचा, तो मुलांनाही कळायचा. एकदा मंडळीतल्या एका विधवा आजींचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमधून पुन्हा परत आला. उपासना सुटल्यावर मॅडम चर्चच्या ओट्यावर बसल्या, चष्मा लावला आणि पिशवीतले कागद एकेक करून गुडघ्यावर मांडले. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. आधारवर नवऱ्याचं नाव, पासबुकावर अजून वडिलांचं. आजींना कुठला कागद आधी, कुठला नंतर, ते त्यांनी बोटांवर मोजून मोजून समजावलं आणि सुट्टीच्या दिवशी सोबतही गेल्या. परत आल्या तेव्हा मॅडमचा चेहरा वेगळाच होता. मग पाळकांनी शहाणपणा केला, संडे स्कूल त्यांच्याकडून काढून घेतलं. मंडळीतल्या निराधार, आजारी, कागदपत्रांत अडकलेल्या माणसांचं काम आता त्या पाहतात. संडे स्कूल घेते आयटीआय केलेली एक मुलगी. तिला शिकवण्याचं प्रशिक्षण नाही, पण मुलं तिच्याभोवतीच गोळा होतात.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातली तक्रारही विधवांचीच आहे, हे आठवा. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, यहुद्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी स्वतः पंगतीच्या कामात न अडकता सात माणसं निवडायला सांगितली, आणि निवडली कोणी? मंडळीने. लोक ज्यांच्याविषयी चांगलं बोलतात, जी आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली आहेत अशी माणसं शोधा, ही अट. त्या सातांची नावंही ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच ती माणसं असावीत असं दिसतं. यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. माणसाचा गुण त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचा, आणि ज्यांची सेवा करायची त्यांची बोली बोलणारा माणूस नेमायचा. नवापूरकडे तिथली मावची बोली न येणारा माणूस घरभेटीला पाठवला तर चहा मिळेल, मनातलं काही कळणार नाही.

म्हणून सुरुवात माणसांपासून न करता कामांपासून करा. एका वहीत चर्चची सगळी कामं लिहा, अगदी बारीक करून. ‘उपासनेची तयारी’ हे काम नव्हे, तो कामांचा ढीग आहे. कुलूप कोण उघडतं, सतरंज्या कोण घालतं, फळ्यावर गीतांचे क्रमांक कोण लिहितं, माईकचे सेल कोण बदलतं, प्रभुभोजनाची भाकर कोण आणतं, नवीन आलेल्या कुटुंबाशेजारी कोण बसतं. प्रत्येकापुढे लिहा की त्याला किती वेळ लागतो, कुठल्या वारी लागतो आणि ते एकट्याने करायचंय की माणसांत मिसळून. ही वही भरली की तुमच्या लक्षात येईल, निम्म्या कामांना कोणी नेमलेलंच नाही. कोणीतरी गुपचूप करतंय. तो कोणीतरी कोण, हे शोधणं कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त सांगून जातं.

माणूस ओळखायची उत्तम वेळ म्हणजे नाताळ, कन्व्हेन्शन (मोठ्या प्रार्थनासभा) आणि हंगामाचा सण (तेव्हा लोक शेतातलं पीक अर्पण करतात आणि त्याचा लिलाव होतो), कारण तेव्हा नेमणुका मोडतात आणि ज्याला जे जमतं ते तो करायला लागतो. साक्रीकडे आमच्या नातेवाइकांच्या मंडळीत एक काका आहेत, आठवडी बाजारात कांदे-बटाटे विकतात. चर्चमध्ये त्यांची सेवा म्हणजे सतरंज्या घालणं आणि काढणं. एका हंगामाच्या सणाला लिलाव पुकारणारे भाऊ आजारी पडले आणि काकांना पुढे ढकललं. लोकांनी आणलेली तूर, मका, मिरच्या, अंडी समोर मांडलेली. काकांनी एक दुधी उचलला आणि म्हणाले, हा कोणाच्या वेलाचा म्हायीत शे का? मग वेल लावणाऱ्या बाईचं पोरगं दवाखान्यात होतं तेव्हा तिने सकाळी हंड्याने पाणी घालून तो वेल कसा जगवला ते काकांनी सांगितलं. दुधी कोंबडीच्या भावाने गेला. प्रत्येक वस्तूमागचं घर त्यांना माहीत होतं, कोणाचा बैल गेला, कोणाची सून बाळंत झाली, सगळं.

लोक म्हणाले, काकांना आता उपासनेतल्या जाहिराती, म्हणजे सूचना, वाचायला द्या, आवाज चांगला आहे. पाळकांनी मात्र त्यांना घरभेटीला नेमलं. मला हा निर्णय फार आवडला. आवाज सगळ्यांनी ऐकला, पण त्यामागे जे होतं ते पाळकांनी पाहिलं. आता जो दोन रविवार येत नाही त्याच्या दारात काका जाऊन उभे राहतात: ‘काबर उना नही भाऊ? तब्येत बरी शे ना?’ बास, एवढंच.

गुण जुळला तरी वेळ जुळेलच असं नाही, आणि खान्देशात हे फार मोठं प्रकरण आहे. भुसावळला रेल्वेच्या रनिंग स्टाफमधला, म्हणजे गाडीवर जाणारा, माणूस रविवारचा शब्द देऊ शकत नाही. मालगाडीच्या लोको पायलटला ड्युटी लावणाऱ्या लॉबीतून कॉल आला की डबा घेऊन निघायचं. अशा माणसाला गायनमंडळात घेतलंत तर तो दर महिन्याला अपराध्यासारखा वागेल. आमच्याकडचा एक जण रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की गाडी काढतो, घरी रेस्टवर असेल तर. नसेल तर दुसऱ्याचा नंबर यादीत आहे. नवापूर-साक्री पट्ट्यात तर दिवाळी झाली की कित्येक कुटुंबं ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. तिथे जानेवारी ते डिसेंबर अशी नेमणूक करून उपयोग नाही. एक राहणारा आणि एक जाणारा अशी जोडी करा. आणि जाणाऱ्याचं काम संपलं असं समजू नका. तिकडे ऊसतोड्यांच्या पडावावर (मुक्कामाच्या जागी) संध्याकाळची प्रार्थना कोण घेणार, हेही तुमच्या वहीत यायला हवं. ते बहुतेक मंडळ्यांच्या यादीत नसतंच.

काम दिलंत की साधनंही द्या. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात गाड्यांची वाटणी आहे, ती लोक वाचताना ओलांडून जातात. निवासमंडपाचे, म्हणजे इस्राएली लोकांच्या फिरत्या उपासना-तंबूचे, पडदे वाहणाऱ्या गेर्षोनी कुळाला दोन गाड्या आणि चार बैल, जड फळ्या नि खांब वाहणाऱ्या मरारींना चार गाड्या आणि आठ बैल. कहाथींना एकही नाही, कारण त्यांना पवित्र वस्तू खांद्यावरच वाहायच्या होत्या. ज्याला जसं ओझं तशी सोय. आपल्याकडे तरुणाला साउंड सांभाळायला सांगतात आणि कपाटाची किल्ली मात्र सेक्रेटरीच्या खिशात. मी सेक्रेटरी आहे, मला हा मोह चांगला माहीत आहे.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं. ‘ज्यांना सेवेची इच्छा आहे त्यांनी नावं द्यावीत’ अशी जाहिरात केलीत तर तीच चार-पाच जणं नाव देतील. घरी जा, चहा घ्या, आणि नेमकं सांगा: तुम्ही हे करता ते मी पाहिलंय, हे काम ईस्टरपर्यंत कराल का, मग पुन्हा बोलू. मुदत ठरलेली असली की माणूस हो म्हणायला घाबरत नाही, आणि मुदत संपल्यावर थांबला तर कोणाचं नाक कापलं जात नाही. एखाद्याला सेवेतून हलवायची वेळ येते तीही याने सोपी होते. सूर सुटलेले एखादे जुने भाऊ गीतं सुरू करत असतील तर त्यांना माईकवरून उतरवू नका. आधी तरुणांना जुन्या चाली शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. चालीत ते पक्के असतात.

आता जिथे गुण पाहून भागत नाही अशा जागा. मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, मग शिकवणारी कितीही गुणी असो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा पॉक्सो कायदा संडे स्कूललाही लागू आहे, हे पंचांना स्पष्ट सांगा. अर्पण मोजायला दोघे, शक्यतो एकाच घरातले नकोत, आणि मोजून झाल्यावर दोघांची सही. तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त ही नेमणूक ‘करून बघू’ म्हणून करायची नाही. हिशेबाचं ऑडिट होतं, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तिथे कृपादानापेक्षा कागद नीट ठेवायची सवय पाहा.

राहिलं पदांचं. मिशनच्या काळापासून ज्या घराण्यांकडे पंचपद आहे, त्यांना आव्हान दिल्याशिवाय काहीच बदलणार नाही असं तुम्हाला वाटत असेल. माझं मत उलट आहे. पद असू द्या त्यांच्याकडे, त्यावरून भाऊबंदकी पेटवू नका. तुम्ही वही भरा आणि कामं वाटत चला. पहिली जोडी लावायची झाली तर नवीन कुटुंबाशेजारी बसणाऱ्या माणसापासून लावा, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही.