वेळ नाही म्हणतोस आणि चार पानी पत्र लिहितोस?

आधी पत्र. बरंच लांब होतं, कापून छोटं केलंय, शब्द त्याचेच आहेत.

"ताई, मी ४१ वर्षांचा. नोकरी, बायको, एक मुलगी. कॉलेजात कथा लिहायचो, दोन-तीन छापूनही आल्या होत्या. मग नोकरी लागली आणि सुटलं ते सुटलंच. गेल्या दोन वर्षांत तीन भारी वह्या आणल्या, एक ऑनलाइन रायटिंग कोर्स अर्धा केला, पहाटे पाचला उठायचं २१ दिवसांचं चॅलेंज घेतलं, ते आठ दिवस चाललं, नवव्या दिवशी झोप लागली आणि सगळंच बंद पडलं. आता रविवार पूर्ण मोकळा ठेवतो, तर रात्री कळतं की दिवसभरात एक ओळ नाही. बायको म्हणते, रोज दोन तास फोन बघतोस तेव्हा बरा वेळ असतो. खरंय तिचं, पण थकलेल्या डोक्याने लिहिणार काय? परवा अँथनी ट्रॉलप या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकावर व्हिडिओ पाहिला, पोस्टात नोकरी करून त्या माणसाने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. माझी एक कथा होत नाही. वेळेचं नियोजन कसं करू सांगा. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल. — अर्धवट"

अरे अर्धवट,

सही बघून आधी हसले, मग जरा वाईट वाटलं, मग पत्र परत वाचलं तेव्हा कळलं की हा गडी स्वतःबद्दल साफ चुकीची माहिती देतोय. कारण वर जे छापलं नाही त्यात तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस की हे पत्र मुलीच्या स्विमिंग क्लासबाहेर गाडीत बसून लिहितोयस, मंगळवारी आणि शुक्रवारी पाऊण-पाऊण तास असाच जातो. आणि मग मध्येच, काही संबंध नसताना, तुझं लक्ष समोरच्या वॉचमनकडे गेलंय. तो प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन सावलीच्या मागे मागे सरकतोय, उठत नाही पुरता, बुडाखाली खुर्ची धरूनच दोन पावलं जातो, आत्तापर्यंत चारदा सरकला आणि आता पुढे भिंत आहे. हे तू लिहिलंस. वेळ नसलेल्या, डोकं थकलेल्या, एक ओळ न होणाऱ्या माणसाने. मी ती ओळ तीनदा वाचली, "बुडाखाली खुर्ची धरूनच" हे ज्याला दिसतं त्याला रायटिंग कोर्सचा उरलेला अर्धा भाग नको रे.

तेव्हा नियोजनाचं आपण नंतर बघू. मला आधी हे विचारायचंय की पत्र लिहायला बसलास तेव्हा वही कुठली घेतली होतीस? त्या तीन भारी वह्यांपैकी नसणार, पैज लावते. मुलीच्या दप्तरातली रफ वही नाहीतर फोन. का, तर पत्र चांगलं व्हायलाच पाहिजे असं काही नव्हतं. कथा म्हटली की ती चांगली व्हायला लागते, मग त्यासाठी चांगली वही, मोकळा रविवार, फ्रेश डोकं, घरात शांतता, एवढा सगळा सरंजाम जमेपर्यंत थांबायचं आणि तो काही जमत नाही, म्हणजे सुटलो. मला विचारशील तर तुझं खरं दुखणं वेळेचं नाहीच. तू गेली वीस वर्षं चांगलं चांगलं वाचत आलायस, तुझ्यातला वाचक ४१ वर्षांचा झालाय, चोखंदळ, जरा खडूस. आणि लिहिणारा हात मात्र विशीत सोडला तिथेच बसलाय. आता हा खडूस वाचक त्या पोराच्या खांद्यावरून डोकावतो, पोरगं घाबरणारच. यावर उपाय म्हणशील तर त्या पोराला भरपूर वाईट लिहू देणं, दुसरा मला तरी सापडलेला नाही, आणि वाईट लिहायला मोकळा रविवार लागत नाही, गाडीतला पाऊण तास चिक्कार झाला.

मी हे वरून उपदेश म्हणून नाही सांगत, माझीच गंमत ऐक. मला पण एकदा वाटलं होतं की लिहायला स्वतःचा कोपरा पाहिजे. मग टेबल घेतलं, दिवा घेतला, पाठ दुखू नये म्हणून खुर्ची, खिडकीजवळ हलवलं, ऊन यायला लागलं म्हणून परत भिंतीजवळ, यात सहा-आठ महिने सहज गेले. आज त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे असतात. छान उंची आहे त्याला इस्त्रीसाठी. आणि हा कॉलम मी लिहिते पलंगावर पाय घेऊन, मांडीवर उशी ठेवून. (टेबल कोणाला हवं असेल तर सांगा.)

आता ट्रॉलप. तो व्हिडिओ बघून तू जे खचलास ना त्याचा मला रागच आलाय जरा. गोष्ट खरी आहे, तो पोस्टखात्यात नोकरी करत होता, पहाटे उठून समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द असा हिशोब लावून लिहायचा. पण त्याला पहाटे उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक नोकर होता, त्या कामाचे त्याला वेगळे पैसे मिळायचे, हे ट्रॉलपनेच लिहून ठेवलंय. हा भाग व्हिडिओत होता का? असे व्हिडिओ माणसाचा पराक्रम दाखवतात आणि घर कोण चालवत होतं ते कापून टाकतात. त्याच्याकडून एक घ्यायचं असेल तर घड्याळ घे, पंधरा मिनिटांचं. ४७ चा आकडा तिथेच राहू दे.

आणि तुला उदाहरणच हवं असेल तर लांब कशाला जातोस, बहिणाबाई चौधरी आहेत की. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि घरात काम चालू असताना ओव्या सुचत जायच्या आणि ती म्हणत जायची. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या, ती गेल्यावर १९५२ साली छापून आल्या. मी काही कष्टांचं कौतुक करत नाहीये, तिला कुणी मोकळा रविवार देऊ केला असता तर तिनं नको म्हटलं असतं असं थोडीच आहे. मला त्यातलं टिपून ठेवणं महत्त्वाचं वाटतं. सुचतं सगळ्यांनाच रे, भांडी घासताना, आंघोळ करताना, सिग्नलला उभं असताना, हात गुंतलेले आणि डोकं मोकळं असतं तेव्हाच सुचतं. पण तुझ्याकडे सोपानदेव नाही, तेव्हा ते काम फोनला दे. सुचलं की तिथल्या तिथे बोलून रेकॉर्ड कर, नंतर लिहीन म्हणालास की गेलं.

फोनचं निघालंच आहे तर. बायको म्हणते दोन तास, तू म्हणतोस थकलेलं डोकं. तुमचं दोघांचंही खरं आहे. रात्री दहाला बसून कथा रचायची ताकद नसते, ते मान्य. पण लिहिणं म्हणजे फक्त रचणं नाही ना. ताजं डोकं असेल तेव्हा नवीन लिही, थकलेलं असेल तेव्हा रेकॉर्ड केलेलं ऐकून कागदावर उतरव, जुनं वाचून खाडाखोड कर, पात्राला नाव शोध. ही हमाली आहे, हमालीला थकलेलं डोकं चालतं. आणि एखाद्या रात्री तेही नको वाटलं तर सरळ झोप. फोन बघून कोणाचा थकवा गेलेला मी अजून पाहिला नाही, उलट दीड तासाने माणूस जास्त पिचलेला दिसतो आणि वर स्वतःवर चिडलेला.

आता तुझा तो मोकळा रविवार. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन म्हणून एक ब्रिटिश इतिहासकार होता, त्याने १९५५ साली एक खुसखुशीत लेख लिहिला, म्हणणं एवढंच की कामाला जितका वेळ द्याल तितकं ते पसरतं. त्यात एक निवांत म्हातारी आहे, तिला भाचीला पोस्टकार्ड पाठवायचंय आणि त्यात तिचा अख्खा दिवस जातो. तासभर कार्ड शोधण्यात, तासभर चष्मा शोधण्यात, अर्धा तास पत्ता सापडत नाही, मग लिहायला सव्वा तास, आणि शेवटी वीस मिनिटं हे ठरवण्यात की पुढच्या गल्लीतल्या पेटीपर्यंत जायला छत्री न्यावी की नको. तुझा रविवार म्हणजे ही छत्री आहे. सकाळी वाटतं अख्खा दिवस आहे, जरा आवरू, मग बसू, दुपारी वाटतं आता जेवण झालंय, संध्याकाळी वाटतं आता काय उरलंय. मंगळवारच्या पाऊण तासात छत्रीचा विचार करायला जागाच नाही, म्हणून तर चार पानं झाली.

शिवाय एक विचारते, राग मानू नकोस. तुझा रविवार मोकळा असतो तेव्हा घरातली कामं कोण करतं? पत्रात कुठे दिसलं नाही. बायकोचा वैताग फोनचा कमी आणि याचा जास्त असावा असा मला दाट संशय आहे. अख्खा दिवस अडवून ठेवायचा आणि रात्री हात हलवत, तोंड पाडून बाहेर यायचं, म्हणजे तिचाही दिवस गेला आणि वर तुझी समजूत काढायची ती वेगळीच. रविवार परत कर. त्याच्या बदल्यात एक तास माग, वेळ ठरवून, आणि तेवढाच एक तास तिचा असू दे, त्यात ती काय करते हे तू विचारायचं नाही, नुसती झोपली तरी.

पहाटे पाचच्या चॅलेंजबद्दल फार बोलत नाही कारण मला ते प्रकरणच आवडत नाही. ज्याला झेपतं त्याने उठावं. पण ते नवव्या दिवशी मोडलं म्हणून "सगळंच बंद पडलं", हे मात्र मला चुकीचं वाटतं. सवय २१ दिवसांत लागते हे कुठून तरी पसरलेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक छोटी नवी सवय लावून घ्यायला सांगितलं, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवसांचा हिशोब निघाला, पण कोणाला १८ तर कोणाचा अंदाज थेट २५४ पर्यंत गेला. आणि तुझ्या कामाचं पुढेच आहे, मधला एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही असंही त्यात दिसलं. म्हणजे नवव्या दिवशी तू फक्त झोपलास. दहाव्या दिवशी उठला असतास तर चाललं असतं, कोणी वही तपासायला येणार नव्हतं.

बरं आता करायचं काय. मोठं टाइमटेबल अजिबात करू नकोस, तू टाइमटेबल फार सुंदर करत असणार, रंगीत पेनांनी, आणि त्यातच शनिवार जात असणार. मंगळवार आणि शुक्रवार, गाडी, पाऊण तास, एवढंच. पहिली पाच-दहा मिनिटं जे समोर दिसतंय ते लिही, कथा नाही, वर्णन पण नाही म्हणत मी, नुसतं कोण काय करतंय. मग जमलं तर पुढे जा. आणि मुलगी ओले केस घेऊन गाडीकडे येताना दिसली की वाक्य अर्धं असेल तर अर्धंच सोड, पूर्ण करत बसू नकोस. अमेरिकन लेखक हेमिंग्वे सांगायचा की पुढे काय होणार ते माहीत असतानाच थांबावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरू करायला त्रास होत नाही. मी करून पाहिलंय, चालतं, फक्त अर्धं वाक्य सोडलं की थोडं चुकचुकल्यासारखं वाटतं दिवसभर, ते वाटू दे.

आणि हो, एखाद्या मंगळवारी लिहूच नये, सीट मागे टाकून डोळे मिटून पडावं असं वाटलं तर खुशाल पड. हल्ली प्रत्येक मिनिट सत्कारणी लावायचं जे खूळ निघालंय त्यात तुला ढकलायचं नाहीये मला. त्या वॉचमनकडे तू बघत बसलास तेव्हा हातात काही काम नव्हतं म्हणूनच तो दिसला.

वह्यांचं म्हणशील तर एक मुलीला देऊन टाक, ती पहिल्याच पानावर काहीतरी गिचमिड करेल, बघ तिला काही वाटतं का. बाकीच्या दोन राहू देत कपाटात.

एक राहिलं. पत्रात पाचव्यांदा काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. सावली भिंतीला टेकली, खुर्चीला पुढे जागा नाही, क्लास सुटायला अजून वेळ आहे. मग तो उन्हात बसला, की उठून गेला, की गेटच्या आत येऊन बसला, आणि कोणी त्याला काही बोललं का? शुक्रवारी बघून कळव. दिसला नाही तर तुझ्या मनाने लिहून पाठव, मला चालेल.

— ताई