आधी बाहेर जेवायला जा

ह्यूस्टन, मे २०२४

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. सोबतचे फोटो मी तीनदा पाहिले. सॅन जसिंटो नदीचं पाणी परसातून आलं, घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं आणि जाताना तुझे दोन्ही स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायचे लोखंडी डबे, निकामी करून गेलं. घर वाचलं म्हणून सगळे तुला नशीबवान म्हणतायत, आणि अशा वेळी दोन लोखंडी डब्यांसाठी जीव तुटतो याची तुला लाज वाटते, असं लिहिलं आहेस. लाज वाटून घेऊ नकोस. त्या डब्यांशेजारी तू किती रात्री जागून काढल्यास ते मला ठाऊक आहे. ह्यूस्टनमध्ये नवा आलास तेव्हा तुझी कुणाशी ओळख नव्हती, आणि पहिली माणसं जोडली गेली ती त्या धुराच्या वासावर.

तू विचारलं आहेस, आता कोणता स्मोकर घेऊ? त्याचं उत्तर देतो, पण शेवटी. त्याआधी दोन-तीन कामं आहेत आणि त्यांना उशीर चालणार नाही.

माझं काय झालं होतं ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. २५ ऑगस्ट २०१७ ला हार्वी चक्रीवादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा आम्ही ह्यूस्टनच्या मेयरलँड भागात तसे निर्धास्त होतो. वाऱ्याचा मार आमच्याकडे नव्हताच. पण पाऊस एकदा लागला तो थांबेचना. पूर्वेला टेक्ससमधल्याच नेदरलँड नावाच्या गावात त्या वादळात एकूण ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. शनिवारी रात्री आमच्या भागातली ब्रेज बायू ही संथ नदी काठ सोडून वर आली आणि रविवारी उजाडताना आमच्या दिवाणखान्यात गुडघ्याच्या वर पाणी होतं. २०१५, २०१६ आणि मग २०१७, आमच्या वस्तीत लागोपाठ तिसऱ्या वर्षी पूर.

परसात दोन स्मोकर होते. एक साधा पिंपाचा. तो तरंगत गेला आणि दोन घरं सोडून कुंपणाला अडकलेला सापडला, चेपलेला. दुसरा खरा पिट, म्हणजे मांस शिजवायची भट्टी: चोवीस इंची पाइप, पाव इंच जाडीचं पोलाद, बाजूला जाळासाठी वेगळा डबा म्हणजे फायरबॉक्स, वर धुराडं. आमच्या कामावरच्या एका वेल्डरने उरलेल्या पाइपमधून तो मला करून दिला होता. तेलाच्या धंद्यातल्या वेल्डरांनी सुट्टीच्या दिवशी असे पिट करणं ही इथली जुनी रीत आहे. मी वेल्डिंगची तपासणी करणारा माणूस. त्या पिटचा प्रत्येक जोड मी स्वतः पाहिला होता. तो जागेवरून हलला नाही, फक्त एका अंगावर कलंडला.

पाचव्या दिवशी त्याचं दार उघडायला गेलो. बिजागरीत चिखल वाळला होता, पहार लावावी लागली. दार सुटलं तसं काळं पाणी पायांवर आलं, आणि तो वास! सांगलीत लहानपणी कृष्णेचं पाणी उतरल्यावर मारुती चौकाला यायचा तोच, गाळाचा आणि कुजक्या धान्याचा. आत बॅटरी मारली. जाळीवर हाताच्या पंजाएवढा गाळ, आणि आतल्या भिंतीला चिकटलेलं लाल रंगाचं प्लॅस्टिकचं एक अक्षर. मुलं फ्रीजवर लावतात ना, ते चुंबकाचं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून वाहत आलं आणि लोखंड दिसल्यावर चिकटून बसलं. त्या क्षणापर्यंत मी घरातल्या कुणासमोर रडलो नव्हतो.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या फोटोत एक पेलेटवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर, चालणारा स्मोकर आहे आणि एक जाड पोलादाचा ऑफसेट, माझ्या पिटसारखा बाजूला फायरबॉक्स असलेला. पेलेटवाल्याचा नाद सोड. त्याच्या पोटात मोटर, पंखा, पेटवणारी कांडी आणि कंट्रोलरची पाटी आहे. सगळं पाण्याखाली गेलं आहे. भिजलेले पेलेट फुगून त्यांना पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या नळीत घट्ट बसतात. वाळवून प्लग लावून पाहू, असं मनात येईल; लावू नकोस. दुहेरी पत्र्याचा, मधे इन्सुलेशन भरलेला कपाटासारखा स्मोकर कुणाकडे असेल तर त्यालाही हेच सांग. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पावसाचं पाणी नव्हे, त्यात गटार असतं. ते त्या भरणीत मुरतं आणि तिथून निघत नाही.

ऑफसेट मात्र वाचेल. गंज पाहून घाबरू नकोस. पाव इंची पोलादावरचा आठ दिवसांचा गंज हा नुसता वरचा पापुद्रा असतो. गाळ ओला असतानाच खरवडून काढ, वाळला की सिमेंट होतो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, तारेचा ब्रश, मग भरपूर स्वच्छ पाणी. ब्लीच वापरलंस तर अगदी पातळ करून, आणि लगेच धुऊन टाक. ते लोखंड खातं. दुसऱ्या कुठल्याही औषधात किंवा व्हिनेगरमध्ये ते मिसळू नकोस. सगळं कोरडं झालं की रिकाम्या पिटमध्ये चांगला चार-पाच तास मोठा जाळ कर, जाळ्या आतच ठेवून. मग गरम असतानाच आतून तेलाचा पातळ हात फिरव आणि पुन्हा मध्यम आच दे. जुनी काळी चकाकी एका दिवसात येणार नाही, पाच-सहा वेळा रांधल्यावर येईल. आणि जाळी बदलायची झाली तर कुठल्याही दुकानातली जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणू नकोस. तापल्यावर तिचा धूर विषारी असतो. हे मी नोकरीतल्या अनुभवाने सांगतो आहे.

भिजलेली लाकडं फेकून दे. पोस्ट ओक हे आपलं जळणाचं लाकूड वाळवून परत वापरता येईल असं वाटेल, पण त्या लाकडाने काय पाणी प्यायलं आहे ते आठव. गाळात गॅसचा एखादा वाहून आलेला सिलिंडर दिसला तर त्याला हातही लावू नकोस, अग्निशमन दलाला कळव.

विम्याचंही सांगतो, कारण तुझ्या पत्रात ती आशा दिसली. सरकारी पूरविमा इमारतीच्या आतल्या सामानाला असतो. अंगणात, पॅटिओवर ठेवलेल्या वस्तूंना तो मिळत नाही. मला ते फॉर्म भरताना कळलं. तरी फोटो सगळ्यांचे काढून ठेव. आणि पॉलिसी नसेल तर आजच घे, ती लागू व्हायला साधारण ३० दिवस जातात आणि वादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो. पुढच्या वेळी पाणी चढणार असं दिसलं की पिटचं झाकण आणि फायरबॉक्सचं दार उघडं ठेव. बंद डबा तरंगतो, उघडा डबा पाणी आत घेऊन जागेवर बसतो. वर एक साखळी बांध.

हे झालं लोखंडाचं. खरं तर हे पत्र मी पुढच्या गोष्टीसाठी लिहितो आहे.

तुझ्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे: सगळं मार्गी लागेपर्यंत बाहेरचं खाणं बंद केलंय, घरात डाळ-भात. बाळा, हे करू नकोस.

मी तेच केलं होतं. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक छोटं बार्बेक्यूचं हॉटेल होतं. विटांचा पिट, सहा टेबलं, भिंतीवर चर्चमधल्या वर्गाचे फोटो. मालक सत्तरीतले कृष्णवर्णीय गृहस्थ. मी गोमांस खात नाही हे पहिल्या दिवशी घाबरत घाबरत सांगितलं, तर त्यांनी काही न बोलता माझ्यासाठी टर्की कापली आणि पांढऱ्या पावाचे दोन तुकडे कागदावर ठेवले. पुढे मी त्यांच्याकडे शनिवारी पहाटे जाऊन नुसता उभा राहू लागलो. माझ्या हातात नेहमी मोजमापाचं, काटा फिरणारं एखादं यंत्र असायचं, सवयच तशी. ते थर्मामीटर वापरायचेच नाहीत. झाकणावर पंजा ठेवायचे, मनात काही मोजायचे आणि हात उचलायचे. धूर निळसर पातळ आहे की पांढरा दाट, हे धुराड्याकडे पाहून सांगायचे. मांसाचं तापमान दीडशे फॅरेनहाइटच्या पुढे कुठेतरी अडतं आणि तासन्‌तास हलत नाही, तेव्हा जाळ वाढवायचा नाही, खुर्ची ओढून बसायचं, हे मी त्यांच्याकडे शिकलो. माझ्या पिटवर मी हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या हलाल दुकानातला बोकडाचा पुढचा फरा करतो, शेंगतेल आणि सांगलीहून आलेला कांदा-लसूण मसाला चोळून. तो फरा मी त्यांना नेऊन दिला होता. त्यांनी हाडापाशी दाबून पाहिला आणि मान डोलावली.

हार्वीत त्यांच्या हॉटेलात पाणी गेलं. तीन आठवड्यांनी त्यांनी दार उघडलं, हे मला नंतर कळलं. मी तेव्हा घरातल्या भिंतींचे तक्ते काढत होतो, फरशी उपसत होतो, पैसे जपत होतो. डिसेंबरात गेलो तेव्हा पाटी उतरवलेली होती. शेजारच्या टायरच्या दुकानातला मुलगा म्हणाला, उघडलं होतं, पण दिवसाला दहाबारा गिऱ्हाइकं. मालक मुलीकडे गेले राहायला. कुठल्या गावी, ते त्याला माहीत नव्हतं.

पाणी चढलं त्या दिवशी हॉटेल बुडत नाही, ते नंतर हळूहळू बुडतं. फ्रीजरमधला माल टाकावा लागतो, तपासणी होईपर्यंत चूल बंद, ताशी पगारावरची माणसं दुसरीकडे लागतात. एवढं निभावून दार उघडावं तर जवळचं गिऱ्हाईक आपापल्या घरात चिखल काढत बसलेलं. आम्ही सगळे नेहमीचे लोक आठवड्यातून एकदा जरी गेलो असतो तरी, असं माझ्या मनात आजही येतं.

काही तगली. आमच्या जवळची थ्री ब्रदर्स बेकरी तुला ठाऊक आहे. नाझी छळछावणीतून जिवंत सुटलेल्या तीन भावांनी ती ८ मे १९४९ ला सुरू केली, सुटकेला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. तिच्यात कितीदा पाणी शिरलं, हार्वीत तर कमरेच्याही वर, आणि प्रत्येक वेळी भट्टी पुन्हा पेटली. तिथली पिकन पाय आम्ही त्या दिवाळीला फराळाच्या ताटात ठेवली होती, कारण घरात तळायला गॅसच नव्हता. एल बोलियो बेकरीची गोष्टही मी तुला कधीतरी सांगितली असेन: हार्वीच्या पाण्यामुळे काही कारागीर दोन दिवस दुकानात अडकले, तर बसून न राहता त्यांनी पूरग्रस्तांसाठी पाव केले, ४,२०० पौंडांवर पीठ संपवलं. आणि ऑपरेशन बीबीक्यू रिलीफची मंडळी आपापले पिट ओढत शहरात आली होती. २०११ साली मिझुरीतल्या जॉप्लिन शहरातल्या वादळानंतर सुरू झालेली ही संस्था. त्यांच्याकडचं गरम मांस आणि बीन्स एका स्वयंसेवकाने आमच्या दारात आणून दिलं, तेव्हा माझ्या बायकोने पाच दिवसांनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली बुडाली, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत गेली. भावाला रोज फोन करायचो. पाणी उतरू लागल्यावर मी पहिल्यांदा विचारलं ते, हरभट रोडला कुठलं दुकान उघडलं? तो म्हणाला, एक चहाची टपरी, आणि तिथे एवढी गर्दी आहे की चहाला अर्धा तास. मला फार बरं वाटलं.

म्हणून तू काय कर. या शनिवारी तुझ्याकडच्या, पाणी गेलेल्या भागातली कोणती हॉटेलं उघडली आहेत ते शोध. टाको ट्रक असो, फो हे नूडल सूप मिळणारं व्हिएतनामी दुकान असो, की तू सुरुवातीला रोज जायचास ती डोनटची टपरी. आठवड्यातून दोन जेवणं तिथे. मोठी ऑर्डर नको, पण बसून खा, घरी आणू नकोस. रिकाम्या टेबलांनी मालकाचा धीर सुटतो. ज्यांनी तुला काही शिकवलं किंवा नावाने हाक मारली त्यांचा फोन नंबर आज लिहून घे, कारण पाटी उतरल्यावर विचारायला कुणी नसतं.

आणि एक वही कर. माझी रांधण्याची वही पुरात गेली, शाई पसरून निळे डाग राहिले. पिट पुन्हा उभा राहिला, पण त्या अकरा वर्षांच्या नोंदी गेल्या. नव्या वहीत मी आधी हॉटेलं लिहिली, पाककृती नंतर. कुठे, कुणाबरोबर, काय खाल्लं, कशाची चव कशी होती. श्री बालाजी भवनमध्ये पगाराच्या पहिल्या शनिवारी खाल्लेला डोसा. विटांच्या पिटवाल्या हॉटेलातली टर्की, मिरीचा जाडसर दाणा, कडेला जळका कुरकुरीतपणा. लिहिताना हाताला जुने अंदाज आठवत गेले. त्यांची पंजाची मोजणी मला आधी वहीत सापडली, मग झाकणावर.

आता कोणता स्मोकर घ्यायचा ते. या वर्षी घेऊ नकोस. ऑफसेट साफ कर, तो तुला पुरेल. पेलेटवाल्याचे पैसे हॉटेलातल्या टेबलावर खर्च कर.

रविवारी पहाटे पाचला तुझ्याकडे येतो. माझ्याकडे दोन वर्षं वाळलेला पोस्ट ओक आहे, गाडीभर आणतो. रिकाम्या पिटचा मोठा जाळ आपण दोघं मिळून करू. जाड हातमोजे, तारेचे दोन ब्रश आणि पाण्याची नळी तयार ठेव. जाळ्या शनिवारीच बाहेर काढून उन्हात टाक. ते लाल अक्षरही घेऊन येतो, तुला बघायचं होतं ना.

जाळ बसल्यावर नाश्त्याला कुठे जायचं ते तू ठरव. तुझ्या भागातलं, उघडलेलं कुठलंही.

तुझा,
काका