चर्चमध्ये समित्या भरपूर, पण चर्चचं खरं काम कुठंच होत नाही. रचना बदलावी का?

बदला. पण ध्येयवाक्य लिहायला बसू नका, ते सगळ्यांचं छानच असतं. त्याऐवजी सभेच्या इतिवृत्ताची वही काढून वाचा.

आमचं धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा परिसर आणि तिथली माणसं) वसईतलं. पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळावर असताना मी ती वही जुन्या पानांपासून वाचली. सणाचा मंडप, बँड, जनरेटर, लाउडस्पीकरचं तोंड कुणाच्या घराकडे करायचं, यावर पानंच्या पानं. 'आजारी' हा शब्द सापडला तो एकदाच: घंटा वाजवणारा आजारी, म्हणून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) उशिरा! त्याच काळात आमच्या आळीतली एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिला कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) नेऊन देणं कुणाचं काम? उपासनावाले म्हणत समाजसेवावाल्यांचं, ते म्हणत फादरांचं. आणि फादर एकटे, वर शाळेचा कारभारही त्यांच्याच गळ्यात.

मी सुचवलं, सण समिती सणापुरती ठेवा, नंतर बरखास्त करा, आणि तीच माणसं आळीवार आजाऱ्यांच्या घरी पाठवा. खजिनदार होते माझे थोरले चुलतभाऊ. म्हणाले, "पदं काढलीस तर माणसं तुटतील." अहो दादा, पदासाठी येणारी तुटली तर बिघडलं कुठं? हा वाद आमच्या घरी जेवताना अजून चालतो.

संत विन्सेंट डी पॉल सोसायटी बघा. 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली, पण रीत अजून तीच: सभासद जोडीनं गरजूंच्या घरी जातात आणि सभेत त्या घरांबद्दल बोलतात. तिथं कामासाठी सभा असते. आमच्याकडे सभा हेच काम.

हां, एक राहिलं. कॅथलिक असाल तर पॅरिश कौन्सिलला नुसता सल्ला द्यायचा अधिकार आहे (कॅथलिक चर्चचा कायदा, म्हणजे 1983 ची धर्मसंहिता, कलम 536). म्हणजे फादरांना पटलं नाही तर तुमचा ठराव वहीतच राहणार. वित्त समिती मात्र कलम 537 प्रमाणे हवीच, रागाच्या भरात ती मोडायला जाऊ नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे असाल तर घटना वेगळी, ती आधी वाचा.

आणि सण तोंडावर असेल तर आत्ता विषय काढूच नका, कुणी ऐकणार नाही. सणाचा हिशेब मांडतात त्या सभेत काढा. तेव्हा सगळे दमलेले असतात आणि निम्मे एकमेकांवर चिडलेले.