काकांना कांद्याची गोणी दाखव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

सात रस्ता चौकात एमपीएससी झालेल्या मुलांचे फ्लेक्स लागतात, त्यातली बहुतेक पुण्यात राहून आलेली, म्हणून पुण्याला गेल्याशिवाय पोस्ट निघत नाही, हे काकांचं म्हणणं. ते चुकतंय हे तुला कळतं, पण पटवता येत नाही. तू त्यांना टक्केवारी ऐकवलीस आणि ते चिडले. चिडणारच!

आधी स्वतःशी एक प्रश्न पक्का कर: ही मुलं आपल्या डोळ्यांसमोर कोणत्या वाटेने आली? किती आली, हा प्रश्न नंतरचा. १९३६च्या अमेरिकन निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अंदाज घ्यायला कोटभर नमुना मतपत्रिका पाठवल्या, सुमारे २४ लाख भरून परत आल्या, आणि रूझवेल्टना हरवून आल्फ्रेड लँडन जिंकणार असं छापून आलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, तेही मंदीच्या काळात, म्हणजे बरेचसे खाऊनपिऊन सुखी घरांचे. शिवाय ज्यांनी पत्रिका परत धाडली तेवढ्यांचीच मतं मोजली गेली. वाट वाकडी असेल तर २४ लाखही कमीच.

फ्लेक्सची वाट कोणती? पास होणं. पुण्यात राहून नापास झालेल्याचा फ्लेक्स कोण लावणार? समज, शंभर गेले आणि पाच पास झाले. वीस इथेच राहिले आणि एक पास झाला. चौकात पाचास एक दिसतील, प्रमाण मात्र दोन्हीकडे शेकडा पाचच. हा हिशेब तुझ्यासाठी. काकांना तो सांगू नकोस.

काकांना दाखला हवा, आणि तो त्यांच्या धंद्यातलाच हवा. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोकं मोजली, इंजिनावर ती कमी दिसली, पण इंजिनात गोळी लागलेली बहुतेक विमानं परतलीच नव्हती, हा दाखला खरा असला तरी काकांच्या कामाचा नाही. त्यांची उभी हयात मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर गेली. त्यांना एवढंच विचार: गोणीच्या तोंडाशी एकसारखा मोठा कांदा दिसला, तर त्यावर अख्ख्या वक्कलाचा, म्हणजे एकत्र विकायला आलेल्या सगळ्या मालाचा, भाव बोलाल का? ते म्हणतील, गोणी ओतून दाखव. मग गप्प बस. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून येऊ दे. तुझी घाई इथेच नडते. दाखला देतेस आणि त्याचा अर्थही तूच सांगून मोकळी होतेस.

दाखला निवडताना वाट जुळली पाहिजे, बाकी काही जुळलं नाही तरी चालेल. तोंडाशी कांदा येतो तो चांगला म्हणून, फ्लेक्सवर मुलगा येतो तो पास म्हणून, जुळलं. ‘माणसं म्हणजे कांदे नव्हेत’ असं ते म्हणाले तर चिडू नकोस, त्या फरकाने वाट बदलते का एवढंच विचार. ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणाले तर सांग की ती म्हण खरी आहे, कारण एका पातेल्यातल्या सगळ्या शितांना पाणी एक आणि आच एक. फ्लेक्सवरचं शीत मुद्दाम निवडून वर ठेवलेलं आहे.

आणि जिंकल्याच्या भरात पुणं निरुपयोगी ठरवू नकोस. गोणी ओतल्यावर खालचा कांदाही चांगला निघू शकतो. दाखल्याने काकांचं कारण पडतं, निष्कर्ष खोटा ठरत नाही. लोक मला या बाबतीत हेकट म्हणतात, म्हणोत. कारण पडलं की निष्कर्षही पडला असं धरणारी माणसं मी फार पाहिली, आणि ती काकांइतकीच चुकतात.

खरंच जाणून घ्यायचं असेल तर सुरुवातीची यादी शोध. तीन वर्षांपूर्वी इथल्या अभ्यासिकेत नावं घातलेली मुलं, अभ्यासिकेच्या परवानगीने. दर पाचवं नाव घे. कोण पुण्याला गेलं, कोण इथेच राहिलं आणि पुढे काय झालं, ते विचार. जो फोन उचलत नाही त्याला गाळू नकोस; बहुधा नापास झालेलाच फोन टाळतो. त्याला पुन्हा लाव, नाहीतर त्याच्या मित्राला विचार.

तुझे,
सर