अमेरिकेतल्या डेटोना ५०० या मोटार शर्यतीत गाड्या एकमेकींच्या बंपरला चिकटून का पळतात?

हवेमुळे. डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा आणि वळणं ३१ अंशांनी कललेली, त्यामुळे ॲक्सिलरेटरवरून पाय फारसा काढावाच लागत नाही. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास इंजिनाची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्ची पडते. मागच्या गाडीला पुढचीने फोडलेली वाट आयती मिळते. गंमत म्हणजे पुढचीचाही फायदाच: तिच्या पाठीमागे तयार होऊन तिला मागे ओढणारी हवेची पोकळी भरून निघते. म्हणून दोघी मिळून एकटीपेक्षा जोरात पळतात. १९६० मध्ये ज्युनियर जॉन्सनने तुलनेने हळू गाडी घेऊन याच युक्तीवर डेटोना मारली. गाडी रांग सोडून बाजूला घेतली आणि मागून कुणी साथ दिली नाही, की बघता बघता पाच-दहा जण पुढे निघून जातात.

१९८७ ला टॅलाडेगा या अशाच दुसऱ्या वेगवान ट्रॅकवर बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. मग १९८८ पासून या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा रोखणारी भोकांची पट्टी आली. वेग आवरला, पण सगळ्यांची ताकद सारखी झाल्याने झुंडी आणखी दाट झाल्या. एक चुकला की पंधरा-वीस गाड्यांचा चुराडा. माझ्या मते औषध रोगाइतकंच जालीम निघालं.